पाच हौद, एक प्याला

रावेतमध्ये जुनं काही बघायचं म्हटलं की पाय पवनेकडे वळतात. धरणातून सोडलेलं पाणी इथल्या बंधाऱ्यात अडतं, अशुद्ध जलउपसा केंद्रातून उचललं जातं आणि निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. शहराचा मोठा भाग आमच्या गावातून पाणी पितो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण बंधारा, गावठाणातली देवळं आणि मोजके वाडे सोडले तर रावेत आता नव्या इमारतींचं गाव आहे. जुनं चर्च इथे नाही. कारखान्यांच्या ओढीने नगर-जालन्याकडून जी ख्रिस्ती कुटुंबं या पट्ट्यात आली, त्यांच्या मंडळ्याही नव्याच. आमच्या शेजारच्या काकू मूळच्या नगरच्या. मला जुन्या वास्तूंचं वेड आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "छावणीतली चर्चेस मागाहून बघ. मराठी माणसाचं देवालय बघायचं तर पंचहौदला जा. आणि जाशील तर रविवारी जा, माणसं असताना. रिकामं देवालय बघून काय कळणार?"

म्हणून रविवारी सकाळी निघाले. मुकाई चौकातून बस, पिंपरीला महापालिकेपाशी मेट्रो. हा मार्ग मला आवडतो, कारण मेट्रो उंचावरून जाते आणि रस्त्यावरून न दिसणारा भूगोल दाखवते. दापोडीला आमची पवना मुळेला मिळते. पुढे बोपोडी, खडकी. इथेच ५ नोव्हेंबर १८१७ ला बापू गोखल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि नंतरच्या काही महिन्यांत पेशवाई संपली. त्यानंतर इंग्रजांनी पुण्याच्या कडेकडेने छावण्या बसवल्या आणि छावणी आली तिथे चर्चही आलं. लष्कर भागातलं सेंट मेरीज सगळ्यांत जुनं. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी १८२५ मध्ये त्याचं पवित्रीकरण केलं, आणि आपल्या रोजनिशीत इमारत ऐसपैस पण घाटाने फारच सुमार असल्याची नोंदही केली. मी ते चर्च पाहिलं आहे. भिंतींवर शिलालेखांची दाटी आहे: लढाईत पडलेले, तापाने गेलेले, लहान वयात गेलेले. वाचताना जीव हलतो. पण त्या भिंतींवर पुणं नाही. तिथे बसणाऱ्यांनी मनाने इंग्लंड सोडलंच नव्हतं.

पेशवाईत पुण्यात चर्च नव्हतं असं मात्र नाही. सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये, फौजेतल्या पोर्तुगीज ख्रिस्ती लोकांसाठी जागा दिली गेली आणि त्यावर आजचं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च उभं राहिलं. ते रोमन कॅथलिक. प्रोटेस्टंट उपासना छावणीतून निघून पेठेत, मराठी वस्तीत स्वतःची मोठी इमारत बांधून बसली, याला आणखी नव्वद वर्षं जावी लागली. ती इमारत म्हणजे पंचहौदचं पवित्र नाम देवालय.

शिवाजीनगरपासून मेट्रो जमिनीखाली जाते. मंडई स्थानकात उतरून वर आलं की समोर मंडईची अष्टकोनी दगडी इमारत. ही १८८६ ची. तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे जावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं. मंडईचा विषय इथे काढायचं कारण असं की पवित्र नाम देवालयही त्याच सुमाराचं, १८८३ ते १८८५ मधलं. दहा मिनिटांच्या अंतरावर एकाच वेळी भाजीबाजार आणि देवालय अशी दोन मोठी कामं चालू होती आणि दोन्हींचा घाट पुण्याच्या डोळ्यांना सर्वस्वी नवा होता. वाड्यांच्या आणि देवळांच्या शहरातले पाथरवट, सुतार तेव्हा परक्या कमानींचे आराखडे समजून घेत असतील. त्यांची नावं कुठे कोरलेली नसतात, याचं मला प्रत्येक जुन्या इमारतीपाशी वाईट वाटतं.

शुक्रवार पेठ ओलांडून गुरुवार पेठेत आले. या पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. पाण्याचे पाच हौद होते, म्हणून हा भाग पंचहौद. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना दुकानं, आणि एकदम डोक्यावर तो टॉवर येतो. पुणेकर या चौकाला पंचहौद टॉवर असंच म्हणतात. रिक्षावाल्याला चर्चचं नाव सांगितलं तर तो विचारात पडेल, टॉवर म्हटलं की नीट आणून सोडेल. शंभर फुटांहून उंच, चौकोनी, सरळ वर चढत गेलेला. इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चला असतो तसा निमुळता सुळका इथे नाही. इटलीतल्या जुन्या चर्चच्या शेजारी घंटेचा मनोरा उभा असतो, त्या जातीचा हा. पुण्यातल्या दुसऱ्या उंच मनोऱ्याची आठवण होतेच: डेव्हिड ससून यांनी बांधवलेल्या १८६७ च्या सिनेगॉगची, ज्याला लोक लाल देऊळ म्हणतात. पण लाल देऊळ लष्कर भागात, मोकळ्या जागेत आहे. हा टॉवर मात्र वाड्यांच्या गर्दीत उभा केलेला.

वर आठ घंटा आहेत. इंग्लंडमध्ये अशा घंटा वाजवण्याची स्वतंत्र विद्या आहे: एकेका घंटेचा दोर एकेका माणसाच्या हाती, आणि सुराची चाल न धरता घंटांचा क्रम बदलत जायचा. आठ घंटांचे एकूण ४०,३२० वेगवेगळे क्रम होतात. ते सगळे वाजवायचे तर अठरा-एक तास सलग वाजवावं लागतं. आपल्याकडे देवळात घंटा ज्याची त्याने वाजवायची असते, आल्याची वर्दी देवाला द्यायला. इथली घंटा उलट्या बाजूने बोलते. ती माणसांना बोलावते, आणि ज्यांना बोलावणं नको असेल त्यांच्याही कानी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सनातनी पुण्याच्या पेठेत, या उंचीवरून घंटा वाजवणं म्हणजे आम्ही इथे राहायला आलो आहोत हे सांगणंच होतं.

आत गेले तेव्हा उपासना सुरू व्हायला वेळ होता. देवालयाचा घाट बॅसिलिकेचा. मूळ रोमन लोकांचा हा नमुना. तिथे अशा इमारतीत न्यायनिवाडा आणि व्यवहार चालत. ख्रिस्ती लोकांना राजाश्रय मिळाल्यावर त्यांनी देवळांचा नमुना न घेता हा सार्वजनिक सभागृहाचा नमुना उचलला, कारण त्यांच्या उपासनेला गाभाऱ्याहून माणसं मावतील अशी जागा अधिक गरजेची होती. मधलं दालन उंच, दोन्ही कडांची दालनं बुटकी, मध्ये खांबांच्या ओळी, उजेड वरच्या भिंतीतून उतरणारा, आणि नजर थेट समोरच्या वेदीवर जावी अशी लांबी. आपल्या हेमाडपंती देवळात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना उजेड कमी कमी होत जातो आणि देव अंधारात भेटतो. इथे वेदी सगळ्यांच्या नजरेपुढे. मला दोन्ही प्रिय आहेत. पण ज्या काळात कोणी कुठवर आत यायचं हे जन्मावरून ठरत होतं, त्या काळात पेठेत अशी इमारत उभी राहिली की जिच्यात शेवटच्या रांगेतल्या माणसाला वेदीपर्यंत सगळं दिसतं, ही बांधकामापलीकडची गोष्ट आहे.

उपासना मराठीत. बाजूला बसलेल्या आजींनी "सलाम" म्हणून हळूच गीतांचं पुस्तक माझ्या हाती दिलं, पान काढून. मग प्रभुभोजन. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे जागेवरच बसून राहिले आणि बघत राहिले. माणसं पुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकत होती. पाळक प्रत्येकाच्या ओठांशी प्याला नेत, पांढऱ्या रुमालाने कड पुसत, प्याला किंचित फिरवत आणि पुढच्याकडे जात. अँग्लिकन परंपरेत हा प्याला एकच असतो, सगळ्यांना मिळून. म्हातारे, नुकतीच कामाला लागलेली मुलं, हिरव्या बांगड्या घातलेली एक नवी सून. एकच प्याला.

हे सहज झालेलं नाही, ख्रिस्ती मंडळ्यांतही नाही. दक्षिणेत तंजावरकडच्या मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनाला आधी येत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा असं बजावलं, तेव्हा शेकडो लोक मंडळी सोडून गेले. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं म्हणून जात धुऊन जात नाही, हे मिशनऱ्यांना फार लवकर कळलं होतं. म्हणूनच त्या रांगेत पुढे सरकणारा प्याला बघताना मला ते केवळ धर्मकृत्य वाटलं नाही.

आणि या जागेत तर नाहीच. कारण कोणी कोणाच्या हातचं प्यायचं, यावरून या आवारातून जेवढा धुरळा उठला तेवढा महाराष्ट्रात क्वचित कुठे उठला असेल.

ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनने व्याख्यानाचं निमित्त करून पुण्यातल्या चाळीस-पन्नास प्रतिष्ठितांना बोलावलं. न्यायमूर्ती रानडे आले, लोकमान्य टिळक आले. या बोलावण्यामागे गोपाळराव जोशी होते, डॉ. आनंदीबाईंचे पती. आनंदीबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं फिरली. मिशनमधला चहा. काहींनी घेतला, काहींनी पेला नुसता ओठांना लावला, काहींनी तसाच ठेवून दिला. सुधारणेवर तासन् तास बोलणारी माणसं एका पेल्यापुढे कशी वागतात, हे बघायचा गोपाळरावांचा हेतू होता. पुढे त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली.

मग गाव पेटलं. सनातन्यांनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. चौकशी बसली, दोन्ही बाजूंचे शास्त्री उभे राहिले, घराघरांवर ग्रामण्य, म्हणजे बहिष्कार, आलं. चहा घेतलेल्यांच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण येईना, लग्नाची बोलणी अडू लागली. टिळकांनी धर्मशास्त्राचे आधार काढून दाखवले आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांना मानणाऱ्या सुधारकांच्या जिव्हारी ते लागलं. मला स्वतःला रानड्यांचा राग येत नाही. त्यांच्याबरोबर ज्यांची घरं अडचणीत आली होती त्या लोकांचा विचार त्यांनी केला, असं मी समजते. पण प्रायश्चित्त पेलाभर चहाचं होतं, हे काही केल्या मनातून जात नाही. ख्रिस्ती झालेल्या एखाद्या महार-मांग घरातल्या माणसाने जर तो पेला पुढे केला असेल, तर त्याला त्या दोन वर्षांत रोज काय ऐकावं लागलं असेल? त्या प्रकरणावर एवढं लिहिलं गेलं, पण चहा करणाऱ्याची बाजू मला कुठे वाचायला मिळालेली नाही.

याच पेठांत, इथून चालत थोड्या अंतरावर, गंज पेठेत जोतीराव फुले तेव्हा शेवटचे दिवस मोजत होते. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी १८६८ मध्येच अस्पृश्यांना खुला करून दिला होता. चहाच्या पेल्यावरून भांडण पेटण्याआधी बावीस वर्षं. त्यासाठी त्यांनी कोणा शास्त्र्याकडे निर्णय मागितला नाही आणि नंतर प्रायश्चित्तही घेतलं नाही.

देवालयाच्या उभारणीमागे इंग्लंडमधल्या दोन संस्था होत्या. एक कौली फादर, म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या कौली गावी १८६६ मध्ये निघालेला अँग्लिकन साधूंचा संघ. दुसऱ्या वाँटिजच्या धर्मभगिनी, ज्या १८७७ च्या सुमारास पुण्यात आल्या आणि मुलींच्या शाळा, दवाखाना, अनाथांचा सांभाळ अशी कामं करू लागल्या. ही मंडळी प्रोटेस्टंट असली तरी धूप, दिवे, झगे, ठरलेले उपासनाविधी यांना मानणारी. नगर-वडाळ्याच्या अमेरिकन मराठी मिशनचा साधेपणा इथे नाही. सोहळा आहे. इमारतीतही तो दिसतो.

कौली संघाशी जोडलेला एक माणूस मला फार ओढून घेतो: नीळकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५ चा, झाशीजवळचा. घराणं कोकणस्थ, वास्तव्य काशीत. ख्रिस्ती मताचं खंडन करायला म्हणून त्यांनी पुस्तकं वाचायला घेतली आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. फादर नेहेम्या गोरे झाले. सहा दर्शनांवर त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' लिहिलं. शेवटपर्यंत विरक्त राहिले, आणि शंका घेणारेही राहिले. पंडिता रमाबाईंनी आपल्या धर्मांतराविषयी लिहिताना गोऱ्यांच्या लेखनाचं ऋण स्पष्ट मान्य केलं आहे. संस्कृतात मुरलेल्या त्या बाईला दुसऱ्या कोणाचे युक्तिवाद पटणं कठीणच होतं.

रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि पुढल्या वर्षी याच वाँटिजच्या भगिनींच्या ओळखीने इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटिजला त्यांचा आणि त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. म्हणजे इथे गुरुवार पेठेत देवालयाचं काम सुरू होतं, तेव्हा त्याच भगिनींच्या मूळ मठात महाराष्ट्रातली सर्वांत विद्वान बाई ख्रिस्ती होत होती. पुण्यात बातमी आली तेव्हा टीकेचा पाऊस पडला. फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

पण रमाबाई कोणाच्याच मापात बसल्या नाहीत. वाँटिजच्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार मी पुन्हा पुन्हा वाचते. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असं त्या विचारतात. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, हिंदुस्थानात त्याने त्यांचं वजन कमी होईल, असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांचा आणि पतीचा दाखला देऊन ते धुडकावलं. ख्रिस्ताला मानेन, पण माझी सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या कोणा धर्माधिकाऱ्याच्या हाती देणार नाही, हा त्या पत्रांचा सूर. ब्राह्मणी अंमलातून सुटले ती काय बिशपांच्या अंमलात जायला? चहा प्रकरणानंतर लगेचच, नोव्हेंबर १८९० मध्ये, त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं आणि पुण्याला वादाला आणखी एक विषय मिळाला. पंचहौदच्या वातावरणात त्या रमल्या नाहीत. त्यांची वाट शेवटी केडगावला गेली.

मला वाटतं, या देवालयाचा सगळ्यांत कठीण प्रश्न रमाबाईंनीच विचारला. इमारत पेठेत आली, उपासना मराठीत झाली, प्याला एक झाला. पण ठरवणारं कोण? फार काळ ते इंग्लंडमध्ये ठरत होतं. उत्तर मिळायला वेळ लागला. १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने ख्रिस्त सेवा संघ काढला. देशी आणि विदेशी एकत्र राहणार, खादी नेसणार, जमिनीवर बसून एका पंगतीत जेवणार, हा त्याचा पाया. कवी नारायण वामन टिळकांचं चरित्र इंग्रजीत लिहिणारे ते हेच विन्स्लो. पुण्यात शिवाजीनगरला संघाचा आश्रम झाला. तिथे १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हे इंग्रज धर्मगुरू आले आणि तिथेच त्यांना शामराव हिवाळे भेटले. १९३२ मध्ये दोघं मिळून मंडला जिल्ह्यात गोंडांच्या गावात राहायला गेले. चर्चच्या अधिकाऱ्यांशी पटेना तेव्हा एल्विन यांनी चर्चच सोडलं. शामरावांनी त्यांची सोबत सोडली नाही. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतातल्या सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पंचहौदचं देवालय आता त्यात आहे. निर्णय इथेच होतात, इथल्या माणसांचे.

उपासना संपल्यावर आजींनी मला थांबवून घेतलं. कुठून आलीस, कोणाची, जेवून जातेस का, सगळी चौकशी झाली. रावेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पाण्याच्या गावची." त्यांचा भाचा आकुर्डीला एका कारखान्यात होता, त्याच्याकडून त्यांना बंधारा ठाऊक. मी हौदांविषयी विचारलं, तर त्यांनी टॉवरकडे बघून हात केला आणि त्यांच्या लहानपणी पेठेतल्या बायका घंटांवरून कुकर लावायच्या वेळा कशा ठरवत, ते सांगत बसल्या. ख्रिस्ती बायका नव्हेत, सगळ्याच.

तिथून मी गंज पेठेत फुले वाड्यावर गेले. तो हौद पाहिला. शाळेच्या मुलांची सहल आली होती आणि त्यांच्या बाई त्यांना ओळीने पुढे सरकवत होत्या. एका मुलाने यात पाणी का नाही असं विचारलं. बाईंनी त्याला १८६८ सालची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी ओळीच्या मागे उभं राहून ती ऐकली.

आता केडगाव राहिलं आहे. रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये आपल्या मताने, आपल्या मुलींसाठी देवालय बांधून घेतलं; मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं; ते आपल्याच छापखान्यात मुलींच्या हातून छापलं. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या की मीही येते, आपण दौंडच्या गाडीने जाऊ, आणि निघायच्या आधी मला सांग म्हणजे डबा करते.